इंदूरची संशोधन केंद्रे आणि माळव्यातला शेतकरी

इंदूरचे नाव पोह्यांसाठी, सराफ्यासाठी आणि अलीकडे स्वच्छतेसाठी घेतले जाते. शेतीच्या पुस्तकांत मात्र ते वेगळ्याच कारणाने छापले जाते. महाराष्ट्रातला कृषी शाखेचा कुठलाही विद्यार्थी 'कंपोस्ट खताच्या पद्धती' हा धडा वाचतो, तेव्हा पहिले नाव येते ते 'इंदूर पद्धती'चे. ही पद्धत आपल्या गावात जन्मली, ज्या जमिनीवर जन्मली ती जमीन आजही शहराच्या मध्यात आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक नाही.

आपल्या मंडळातल्या अनेक कुटुंबांची देवास, धार, उज्जैन, महू, सांवेर या भागांत थोडीफार शेती आहे. काहींची होळकरशाहीपासूनची, काहींची आजोबांनी नोकरीतून साठवलेल्या पैशांतून घेतलेली. बहुतेक ठिकाणी ती बटाईने दिलेली असते. जून उजाडला की बटाईदाराचा फोन येतो, 'भाऊसाहेब, यंदा कुठलं बी टाकायचं?' या प्रश्नाचे उत्तर द्यायला इंदुरात तीन-चार सरकारी केंद्रे वर्षभर राबत असतात. त्यांचे काम कसे चालते, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग होतो आणि त्यांच्या मर्यादा कुठे आहेत, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

तीनशे एकरांवरची सुरुवात

सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे पुसा ४, पुसा १२ यांसारखे वाण तयार केले आणि ते उत्तर भारतात पसरले. पण हॉवर्ड यांना पुशाची रचना पटत नव्हती. बियाण्याचा विभाग वेगळा, मातीचा वेगळा, किडींचा वेगळा. शेतकऱ्याच्या शेतात या गोष्टी वेगवेगळ्या नसतात, त्या एकाच रोपात एकत्र भेटतात, असे त्यांचे म्हणणे होते.

अशा एकत्रित कामासाठी त्यांना जागा मिळाली ती इंदुरात. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. कापसावरील करातून चालणाऱ्या 'इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी'ने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला. १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. १९३१ पर्यंत ते इथे होते.

हॉवर्ड यांचा एक आग्रह आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेतकऱ्याला एखादी गोष्ट करायला सांगायची, तर ती आधी आपल्या शेतावर, शेतकऱ्याच्या ऐपतीत बसणारी अवजारे आणि बैल वापरून करून दाखवता आली पाहिजे. म्हणून इथले प्रयोग परीक्षानळीत कमी आणि बांधावर जास्त झाले. मजुरांना वेळेवर मजुरी, कामाचे ठराविक तास, मध्ये विश्रांती आणि राहायला बरी जागा देणे हासुद्धा त्यांच्या शेतीचा भाग होता. गावातला शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले गुरुजी आहेत, असे ते मानत. कीड पडली की फवारणीची घाई न करता ती का पडली, माती किंवा पाणी कुठे चुकले, हे ते आधी पाहत.

काळ्या मातीचे दुखणे

माळव्याची काळी माती सुपीक खरी, पण हट्टी. पावसात ती फुगते, तिच्यातली हवेची जागा पाण्याने भरते आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. आपण 'वाफसा' म्हणतो ती स्थिती, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणे, या मातीत फार थोडे दिवस टिकते. मुसळधार पावसात शेतात पाणी साचले की नुसती मुळे कुजत नाहीत, तर मातीतला नत्रही वाया जातो. पीक पिवळे पडते ते बऱ्याचदा यामुळे.

हॉवर्ड यांनी इंदुरात पहिल्यांदा हात घातला तो या प्रश्नाला. जमीन नीट समतल करणे, जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे चर खोदणे, बांधावर गवत राखून माती अडवणे ही कामे झाल्यावर त्याच शेतातले पीक सुधारले. मगच बियाणे आणि खत यांना अर्थ आला. शंभर वर्षे होत आली, तरी माळव्यातल्या शेतकऱ्याला दिला जाणारा पहिला सल्ला पाण्याच्या निचऱ्याचाच असतो.

उकिरड्याचे शास्त्र

काळ्या मातीला मोकळे करायचे तर तिच्यात सेंद्रिय पदार्थ हवा. शेण मात्र चुलीत जात होते. उरलेला काडीकचरा, पऱ्हाटी, तण, उसाचे पाचट शेतात तसेच टाकले तर ते कुजायला वेळ लागतो, आणि कुजताना मातीतला नत्र ओढून घेते. म्हणून ते शेताबाहेर, आधीच कुजवून घेणे गरजेचे होते.

हे काम हॉवर्ड यांच्यासोबत केले यशवंत वाड यांनी. ते संस्थेत कृषिरसायनाचे काम पाहत. हे आडनाव आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. दोघांनी मिळून लिहिलेले 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंदूर पद्धतीचे मूळ वर्णन त्यातच आहे, आणि मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. नंतर जगाने हॉवर्ड यांचे नाव लक्षात ठेवले, वाडांचे फारसे नाही. आपण तरी ठेवावे.

पद्धत अशी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडा उतरत्या ठेवायच्या. खोली दोन फुटांपेक्षा वाढवायची नाही, कारण खालच्या थराला हवा मिळत नाही. पऱ्हाटीसारखा कडक कचरा आधी गाडीवाटेवर पसरायचा, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चेचला जातो. मग तो गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. गुरांचे मूत्र त्यात मुरते. दुसऱ्या दिवशी हे अंथरूण खड्ड्यात थराने टाकायचे. प्रत्येक थरावर शेणाचा काला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी लाकडाची राख आणि आधीच्या खड्ड्यातले अर्धवट कुजलेले खत शिंपडायचे. हे शेवटचे म्हणजे विरजण. त्यातले सूक्ष्म जीव नव्या ढिगात कामाला लागतात.

पाणी बेताने घालायचे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. ढीग आतून चांगला तापतो, आणि त्या उष्णतेत तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. सुमारे तीन महिन्यांत तीनदा ढीग उलथून वरचे खाली, खालचे वर करायचे, म्हणजे सगळ्याला हवा मिळते. तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते. घाण वास आला तर समजावे, पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली.

या पद्धतीला विकत काही आणावे लागत नाही. पऱ्हाटी आपली, शेण आपले, राख आपल्याच चुलीची. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली. त्याच वर्षी 'हरिजन' साप्ताहिकातून इंदूर पद्धतीची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे आफ्रिकेतल्या कॉफीच्या आणि भारत-सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांनी ती उचलली. हॉवर्ड यांच्या १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या पुस्तकाने इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाया दिला. आज दुकानात 'ऑरगॅनिक' अशी चिठ्ठी लावलेले धान्य आपण जादा पैसे देऊन घेतो. त्या विचाराचा एक मोठा धागा पिपल्याहानाजवळच्या या जमिनीतून निघाला आहे.

संस्थेचे पुढे कृषी महाविद्यालयात रूपांतर झाले. हे महाविद्यालय आधी जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाकडे होते. २००८ मध्ये ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून ते त्याच्याकडे आहे.

पावसाळी पडीत आणि पिवळे सोयाबीन

आज जुलैत उज्जैन रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना हिरवेगार सोयाबीन दिसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. काळ्या मातीत पावसाळ्यात औत चालत नाही, म्हणून पुष्कळ शेतकरी खरिपात शेत पडीत ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू किंवा हरभरा घेत. चार महिने जमीन रिकामी राही आणि पावसाने मातीही वाहून जाई.

साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग सुरू केले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्प आला. हे पीक शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघते, शेंगवर्गीय असल्याने मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र मातीत आणते, आणि दिवाळीच्या सुमारास हातात रोख पैसा देते. माळव्याच्या रिकाम्या खरिपात ते चपखल बसले. तेलाच्या गिरण्या आल्या, १९७९ मध्ये सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची 'सोपा' ही संघटना इंदुरात स्थापन झाली, आणि इंदूर सोयाबीनच्या व्यापाराचे केंद्र बनले.

१९८७ मध्ये खंडवा रोडवर राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे तेच भारतीय सोयाबीन संशोधन संस्थान म्हणून ओळखले जाऊ लागले. देशभरच्या सोयाबीनच्या चाचण्यांचे नियोजन इथून होते. केंद्राने आपल्या सुरुवातीच्या वाणांना नावे दिली ती अहिल्या १, अहिल्या २, अहिल्या ३ आणि अहिल्या ४. देवी अहिल्याबाईंच्या नावाचे बी माळव्याच्या शेतात पेरले गेले, याचे आपल्याला विशेष वाटावे.

एक वाण शेतापर्यंत कसे पोहोचते

नवे वाण म्हणजे प्रयोगशाळेत कुणाला सुचलेली कल्पना नव्हे. दोन झाडांच्या फुलांचा हाताने संकर केला जातो. एका झाडात अधिक शेंगा, दुसऱ्यात रोगाला तोंड देण्याची ताकद. पुढच्या अनेक पिढ्या लावून, निवडून, गुण स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. मग ते बी केंद्राच्या शेतावर, नंतर वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांवर, साधारण तीन हंगाम जुन्या चांगल्या वाणांच्या शेजारी लावले जाते. तिथे टिकले तरच ते प्रसारित आणि अधिसूचित होते. यात सहज दहा वर्षे जातात. म्हणून आज आलेल्या रोगावर उद्या वाण मिळत नाही. केंद्राला दहा वर्षे पुढचे पाहून काम करावे लागते.

जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये आला आणि माळव्यापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरला. तो इतका चालला, की एकाच वाणाखाली प्रचंड क्षेत्र आले. त्याचा धोकाही दिसला. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक आला, किंवा पाऊस लवकर थांबला, की सगळीकडे एकदमच फटका बसतो. म्हणून आता केंद्रांचा सल्ला असतो, की एकाच वाणावर सगळी शेती लावू नका. जेएस ९५-६०, जेएस २०-३४ यांसारखे ८० ते ९० दिवसांचे लवकर येणारे वाण आणि थोडे जास्त दिवसांचे वाण असे दोन-तीन वाण विभागून पेरा. ज्यांना नंतर बटाटा किंवा लसूण घ्यायचा आहे, त्यांना लवकर येणारे वाणच परवडतात.

घरातल्या स्वयंपाकाशी जोडलेले कामही इथे झाले आहे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण त्यात 'ट्रिप्सिन इनहिबिटर' नावाचा घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो, म्हणून सोयाबीन कच्चे खाऊ नये, उकळूनच वापरावे. इंदूरच्या संस्थानाने एनआरसी १२७ हा या घटकापासून मुक्त असलेला वाण दिला. एनआरसी १४२ मध्ये त्याच्याबरोबर सोयाबीनचा उग्र वास आणणारा घटकही काढलेला आहे. सोया दूध, पीठ किंवा पनीर करणाऱ्या महिला गटांना अशा वाणांचा थेट फायदा आहे.

गहू आणि तांबेरा

गव्हाचे काम पाहते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे इंदूर प्रादेशिक केंद्र. पन्नासच्या दशकापासून ते इथे आहे. या केंद्राच्या वाणांच्या नावात 'एचआय' ही अक्षरे असतात. मालव शक्ती म्हणजे एचआय ८४९८, पोषण म्हणजे एचआय ८६६३, पूर्णा म्हणजे एचआय १५४४, पुसा तेजस म्हणजे एचआय ८७५९.

यातले ८ आकड्याने सुरू होणारे वाण कठिया गव्हाचे आहेत. आपल्या बाफल्यांचा, रव्याचा, लापशीचा आणि शेवयांचा हा गहू. जुना मालवी कठिया उंच वाढायचा, लोळायचा आणि तांबेऱ्याला बळी पडायचा. नव्या वाणांनी उंची कमी केली, रोगाला आवर घातला आणि दाण्याचा पिवळेपणा राखला.

तांबेऱ्याची गोष्ट केवळ माळव्याची नाही. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांत टिकून राहतात आणि वाऱ्यापावसाबरोबर मध्य भारतात येतात. इथल्या गव्हात त्यांना थारा मिळाला तर ते पुढे वाढतात. मध्य भारतात प्रतिकारक गहू असला, की रोगाला वाटेतच अटकाव होतो. म्हणजे इंदूरच्या शेतातला चांगला वाण शेजारच्या जिल्ह्यांनाही संरक्षण देतो. एका-दोन पाण्यावर येणारे अमृता, हर्षिता यांसारखे वाणही याच केंद्राचे. ज्यांच्या विहिरी माघात तळ गाठतात, त्यांच्यासाठी ते आहेत.

बांधावर येणारी मदत

संशोधन केंद्र आणि शेतकरी यांच्यामध्ये दुवा असतो तो कृषी विज्ञान केंद्राचा. इंदूर जिल्ह्याचे केंद्र कस्तुरबाग्रामला आहे. इथे चालणारे सर्वांत उपयोगी काम म्हणजे 'प्रथम पंक्ती प्रात्यक्षिक'. शेतकऱ्याच्याच शेतात एका तुकड्यावर नवी पद्धत, शेजारच्या तुकड्यावर त्याची नेहमीची पद्धत. काढणीच्या वेळी दोन्ही मोजायचे. भाषणापेक्षा हे जास्त पटते, कारण माती तीच, पाऊस तोच आणि तराजू त्याचाच.

रुंद वरंबा-सरी पद्धत, जिला महाराष्ट्रात 'बीबीएफ' म्हणतात, माळव्यात अशीच पसरली. सपाट शेतात पेरलेले सोयाबीन अतिवृष्टीत बुडते आणि पावसाने ओढ दिली की वाळते. वरंब्यावर पेरले तर जादा पाणी सरीतून निघून जाते, आणि ओढ पडली तर सरीत मुरलेली ओल कामी येते. हॉवर्ड यांनी चर खोदून जे साधले, तेच आता ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राने साधते.

खरीप हंगामात सोयाबीन संस्थान दर आठवड्याला हिंदीत सल्ला प्रसिद्ध करते. पेरणी कधी, तणनाशक कोणते, चक्रभुंगा किंवा खोडमाशी दिसली तर काय करावे, असे त्या-त्या आठवड्याचे काम त्यात असते. तो सल्ला दुकानदाराचा नसतो, हे महत्त्वाचे. औषध विकणाऱ्याला फवारणी वाढण्यात रस असतो, केंद्राला नसतो.

केंद्राच्या हाताबाहेरचे

एवढे सगळे असूनही शेतकरी खूश नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. वाण चांगला, पाऊस बरा, उतारा चांगला, आणि तरीही मंडीत भाव पडलेला, हे माळव्याने वारंवार पाहिले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात बाजारातला भाव त्याखाली गेला, आणि शेतकरी रस्त्यावर आले. खाद्यतेलाची आयात, पेंडीची परदेशातली मागणी, सरकारी खरेदी यांवर संशोधन केंद्राचा काही इलाज नाही.

केंद्र फक्त खर्च कमी करू शकते आणि जोखीम वाटून देऊ शकते. पण तेही लहान नाही. भाव हाती नसताना एकरी बियाण्याचा, फवारणीचा आणि दुबार पेरणीचा खर्च वाचणे हाच काय तो शेतकऱ्याचा नफा उरतो.

जमिनीचा प्रश्न

कृषी महाविद्यालयाची जमीन आता शहराच्या मध्यात आली आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्यावर शहराच्या इतर गरजांसाठी नजर गेली, आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी व शेतकरी यांनी आंदोलन केले. शहराला बागा, रस्ते, मोकळी हवा हवी, हे आपणही नागरिक म्हणून जाणतो. तरी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल.

प्रयोगाची जमीन रिकाम्या प्लॉटसारखी नसते. त्याच तुकड्यावर दरवर्षी तेच खत, तेच पीक, आणि दरवर्षी मातीची मोजणी, असे वर्षानुवर्षे चालले तरच कळते, की सोयाबीन-गहू घेत राहिल्याने मातीचे काय होते. पाच वर्षांत जे दिसत नाही ते तीस वर्षांत दिसते. ती जमीन हलवली, तर इमारत दुसरीकडे बांधता येते, पण नोंदी तिथल्या तिथे तुटतात. नव्या जागी पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. या जमिनीचा काही निर्णय होईल तेव्हा तो हे हिशेबात धरून व्हावा, एवढी अपेक्षा इंदूरकर म्हणून आपण ठेवू शकतो, आणि संबंधितांना कळवूही शकतो.

आपल्या घरांसाठी

ज्यांची शेती बटाईने आहे, त्यांना पुढचे काही मुद्दे बटाईदाराशी बोलताना उपयोगी पडतील.

पहिला, बियाणे. पिशवीवरची चिठ्ठी पाहा. पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि प्रमाणित बियाण्याची निळी असते. सोयाबीन स्वपरागीत पीक असल्याने एकदा चांगले बी घेतले की दोन-तीन वर्षे घरचे बी वापरता येते. दर वर्षी नवे बी विकत घेण्याची गरज नाही.

दुसरा, उगवण. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पोते उंचावरून आपटले किंवा मळणी यंत्र जोरात फिरवले, तरी बी आतून फुटते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांनी ७० किंवा जास्त उगवले तर बी वापरा. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा किंवा बी बदला. या चाचणीला खर्च शून्य, आणि दुबार पेरणी टळते.

तिसरा, पेरणीची घाई. पहिल्या सरीवर पेरू नका. साधारण १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्यावरच पेरा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक, या क्रमाने बीजप्रक्रिया करा.

चौथा, माती परीक्षण. उन्हाळ्यात शेतातल्या आठ-दहा जागांवरून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, मिसळा, त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका.

ज्यांची शेती नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. गच्चीवर किंवा अंगणात इंदूर पद्धतीचे छोटे रूप सहज करता येते. भाज्यांची साले आणि वाळका पाला आलटून पालटून, वर थोडी जुनी माती, पंधरा दिवसांनी उलथणे. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराला ते शोभेलही. मुलांनी विचारले, की हे कुठून शिकलात, तर सांगा की हे आपल्याच गावचे शास्त्र आहे. त्याच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या नावाखाली यशवंत वाड यांचे नाव आहे.